दोन तारांची वजाबाकी

घरी प्रीअँप्लिफायर बनवणारे हौशी लोक बॅलन्स्ड आउटपुट स्टुडिओतून आलं असं समजतात. मूळ आहे टेलिफोनमध्ये. सुरुवातीचे फोन एकाच तारेवर चालत, परतीची वाट जमिनीतून. पुढे विजेच्या ट्रामचा करंटही जमिनीतून वाहू लागला आणि बोलण्यापेक्षा खरखर जास्त! ग्रॅहम बेलने 1881 मध्येच पीळ दिलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं होतं. गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो, आवाज मात्र एकीत सुलट, दुसरीत उलट. पाचातून उणे पाच वजा केले की दहा, हे सातवीचं गणित. गोंगाट मात्र शून्य.

ही वजाबाकी व्हॉल्व्हच्या जोडीकडून करून घेणारं सर्किट अ‍ॅलन ब्लुमलीन या इंग्रज इंजिनिअरने 1936 मध्ये पेटंटसाठी मांडलं. 1942 मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला. वय अवघं 38. युद्ध चालू, म्हणून बातमीही दाबलेली. आजच्या ऑप-अँपच्या तोंडाशी बहुधा तशीच जोडी असते.

असो. उलट-सुलट आवाजावरच सगळे भर देतात, पण माझ्या मते खरी मेख वेगळी आहे. दोन्ही तारांचा इंपीडन्स सारखा नसेल तर गोंगाटही सारखा शिरत नाही, मग वजाबाकी काय करणार? म्हणून दोन्ही आउटपुटचे रेझिस्टर मीटरने मोजून, जुळवूनच लावावेत.