कासवाने काढलेला चौकोन

महाराष्ट्रातल्या संगणक-शिक्षणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या हिशेबाने सांगितला जातो. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. २००१पासून एमएस-सीआयटीने संगणक राज्यात गावोगाव नेला. पण नवशिक्याने पहिल्या तासाला त्या यंत्राकडून काय करवून घेतले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. एमएस-सीआयटीचा भर वापरावर होता, आणि ते रास्तच होते. प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्याच्या वाट्याला मात्र १९७८च्या कर्निघन-रिची यांच्या पुस्तकाने रूढ केलेले ‘हॅलो वर्ल्ड’ आले. पडद्यावर दोन शब्द उमटतात; विचार करावा असे त्यात फारसे काही नसते.

मुंबई आयआयटीचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी वेगळी सुरुवात निवडली. त्यांच्या ‘सिंपलसीपीपी’ या साधनात पडद्यावर एक कासव असते. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. असे चारदा सांगितले की चौकोन तयार. कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत फॉयरझाइग, पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ भाषा रचली, तिच्यातून पुढे हे कासव आले. रानड्यांनी ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे, थेट सी प्लस प्लसमध्ये आणले. पुनरावृत्तीसाठी ‘रिपीट’ हा सोपा शब्द दिला. नेहमीच्या ‘फॉर’मध्ये आरंभ, अट आणि बदल ही तिन्ही एकदम समजावी लागतात; ते ओझे पुढे ढकलले गेले. २०१४च्या त्यांच्या पुस्तकात याच वाटेने फांद्या फुटणारी झाडे, ग्रहताऱ्यांची गती आणि विमानतळाची वर्दळ येते.

छोट्या कामाचा फायदा असा, की चूक डोळ्यांना दिसते. पंचकोनासाठी ७२ अंश वळणारा विद्यार्थी त्याच आकड्याने पाच टोकांची चांदणी काढू पाहतो, पुन्हा पंचकोनच मिळतो, आणि १४४पर्यंत तो स्वतः पोहोचतो. व्याख्या पाठ करून आलेल्याला ही संधी मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या वर्गात मी हिमरूचा बुट्टा देईन. एक बुट्टा, त्याची ओळ, मग ओळीखाली ओळ: ‘रिपीट’च्या पोटात ‘रिपीट’. पहिली ओळ संपली की कासव उजव्या टोकाला अडकते. लेखणी उचलून त्याला डावीकडे परत कसे आणायचे, यावर वर्गाचा अर्धा तास सहज जाईल.