माऊली कुणाची?

आमच्या बीडकडे नारायणगडाच्या वाटेला लागलं की समोरचा प्रत्येक माणूस माऊली होतो. जीपवाला माऊली, चहावाला माऊली, पायावर पाय पडला तरी "माऊली, जरा सरका!" गडाला धाकटी पंढरी म्हणतात, आणि गडाचे महाराज म्हणजे नगद नारायण. (बाहेरगावच्या पाहुण्यांना या नावाचं फार हसू येतं. त्यांना वाटतं, इथे रोकड मिळते!)

तर मंडळी, हाच शब्द मला एकदा भलत्याच ठिकाणी भेटला. श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. तिथे सप्टेंबरात मोठी यात्रा भरते, मतमाऊलीची. ही माऊली म्हणजे येशूची आई मरिया. नवस बोलायला आणि फेडायला सगळ्या धर्मांचे लोक येतात, मराठवाड्यातूनही येतात. मुंबईत वांद्र्याच्या डोंगरावरची मरियाही कोळ्यांच्या तोंडी मोत माऊलीच. तिथे नवसाला मेणाचे हात, मेणाचे पाय वाहतात. घर हवं असेल तर मेणाचं घर. देवाला नीट समजावून सांगितलेलं बरं, नाही का?

ही सरमिसळ कालपरवाची नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं. दहा हजारांवर ओव्या! त्यात स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलंय.

पण माझा सगळ्यात आवडता नमुना रेव्हरंड टिळकांचा. पूर्ण नाव नारायण वामन टिळक, बायकोचं नाव लक्ष्मी. म्हणजे विष्णूची दोन नावं आणि सोबत साक्षात लक्ष्मी, एवढं वैष्णव नाव आमच्या गडावरही सापडायचं नाही! १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी नाव तेच ठेवलं. पुढे ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

वाचताना गंमत वाटते, पण घरात तेव्हा काय झालं असेल? लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या, पदरी लहान दत्तू, आणि नवरा एकाएकी धर्माबाहेर. त्यांच्या माहेरी सोवळ्याचं एवढं वेड, की वडील बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायला लावत. (धुतल्यावर उरायचं किती, हा माझा प्रश्न.) अशा घरातली ही मुलगी. काही वर्षं ताटातुटीत गेली. नंतर संसार पुन्हा जुळला तो अजब अटीवर. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, तिचं सोवळं तिच्यापाशी. मिशनच्या लोकांत राहायचं आणि स्वयंपाकपाणी मात्र आपलं आपण सांभाळायचं.

मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे. नवरा गेला म्हणून ती गेली नाही. भांडली, रडली, विचार करत राहिली. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी ती एकटीच झगडली आणि एके दिवशी ठरवून टाकलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आधी जात सुटली. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. पाद्र्यांच्या प्रवचनांपेक्षा पाण्याच्या तांब्याने जास्त काम केलं म्हणायचं!

पुढे नगरच्या त्यांच्या घरी सतरा माणसांचा राबता. त्यातच एक कवितावेडा पोरगा राहायला आला, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. तेच आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्यांना हेरलं होतं. ब्राह्मणाचा मुलगा पाद्र्याच्या घरी जेवतो म्हणून लोक काय म्हणाले असतील ते असो, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. १९१८ मध्ये तो रेल्वेखाली गेला, आणि पुढच्याच वर्षी टिळकही गेले.

हे सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे. अजून वाचलं नसेल तर हे पान बंद करा आणि आधी ते आणा. माझ्या मावसबहिणींना तर मी पाच वर्षं सांगतोय. विनोदी पुस्तक म्हणून वाचायला घ्यावं आणि मधेच डोळे पुसावे लागावेत, असं ते आहे.

२०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. तेव्हा "पाद्री कसा काय?" म्हणणारे निघालेच. आपल्या मराठवाड्यात, जिथे अनोळखी माणसालाही माऊली म्हणतात तिथे हे व्हावं, याचं मला वाईट वाटलं होतं. पाद्र्याने मराठीत लिहिणं काही नवं होतं का?

टिळकांनी ख्रिस्तायन लिहायला घेतलं होतं. रामायण तसं ख्रिस्तायन. अकराव्या अध्यायाच्या आसपास ते अर्धंच राहिलं. ज्या बायकोला त्यांनी लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं होतं, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि शेवटचा अध्याय दत्तूने लिहिला.