नववा पंच

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण रोहिणखेडच्या पारापासून मुंबईच्या न्यायालयापर्यंत सर्वत्र रूढ आहे. पाच जण एकमुखाने बोलले की तो देवाचा कौल, अशी आपली श्रद्धा. परंतु चौघे एका बाजूला आणि पाचवा दुसऱ्या बाजूला असला, तर परमेश्वर कोणाच्या मुखी मानावा? इंग्रजी अमदानीत आलेल्या ज्यूरी-पद्धतीने हा प्रश्न आपल्यापुढे अनेकदा ठेवला. आरोपीचा जीव पणाला लागतो, तेव्हा तो अधिकच तीव्र होतो.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. आहुजांशी आपले संबंध असल्याची कबुली पत्नीने त्याच दिवशी दिली होती. खुनाच्या गुन्ह्यास फाशी किंवा जन्मठेप या दोनच शिक्षा होत्या. फाशी का दिली नाही याची कारणे नोंदविण्याचे न्यायाधीशांवरील बंधन १९५५ च्या दुरुस्तीने नुकतेच दूर झाले होते, इतकेच.

सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे नऊ पंचांच्या ज्यूरीसह खटला चालला. लोकमत उघडपणे आरोपीच्या बाजूचे होते. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांना शीलवान, फसविला गेलेला वीर म्हणून रंगविले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्यूरीने आपले मत दिले: आठ विरुद्ध एक, आरोपी निर्दोष. शहराला जे ऐकावयाचे होते तेच आठ जण बोलले. नववा तेवढा बोलला नाही.

त्या एका मताने निकाल अडत नव्हता. इंग्लंडात त्या काळी बारा पंचांचे एकमत अनिवार्य असे. आपल्याकडे बहुमत पुरेसे होते. तरीही ते मत वाया गेले नाही. ज्यूरीचा कौल पुराव्याशी विसंगत आहे असे न्यायाधीशांना वाटल्यास त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. मेहतांनी तीच वाट धरली. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते. त्या अवधीत आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले आणि जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर व सहा काडतुसे घेतली. अशा कृत्यास क्षणिक प्रक्षोभ म्हणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. नवव्या पंचाचा कौलच अखेर ग्राह्य ठरला. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पण क्षमा निराळी आणि निर्दोषत्व निराळे.

या एका खटल्यामुळे ज्यूरी-पद्धत गेली, असा समज आहे. वस्तुतः विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केली होती. १९७३ च्या नव्या संहितेत तिला स्थान उरले नाही.

येथे लोकांचा कल दयेकडे होता. तो सूडाकडे असतो, तेव्हा एकट्या पडलेल्यांवर काय ओढवते? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१८ साली एका शाळेत सतरा जणांची हत्या झाली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी बारा पंचांपैकी तिघांनी मृत्युदंडास संमती दिली नाही आणि एकमताअभावी गुन्हेगाराला जन्मठेप झाली. संतापाचा भडका त्या तिघांवर उडाला. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा बदलला आणि मृत्युदंडाच्या शिफारशीस बारांपैकी आठ मते पुरेशी ठरविली. मृतांच्या आप्तांचे दुःख खरे होते; परंतु असहमतीचे उत्तर म्हणून असहमतीचे मोलच कमी करण्यात आले.

आपण यापासून दूर नाही. २००९ मध्ये मुंबई हल्ल्यातील आरोपीचे वकीलपत्र न्यायालयाच्या नियुक्तीने स्वीकारणाऱ्या वकील महिलेच्या घरासमोर जमावाने निदर्शने केली. त्याच वर्षी नाशिकच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष ठरविले. त्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता, तर कोणते न्यायालय ते जीव परत देणार होते?

मुंबईच्या त्या पंचाने आरोपीला दोषी मानले, फ्लोरिडातील तिघांनी मृत्युदंड नाकारला. कौल परस्परविरुद्ध, कसोटी मात्र एकच. शपथ घेतलेल्या माणसाने पुरावा आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांनाच उत्तर द्यावयाचे असते, दाराबाहेरच्या गर्दीला नव्हे. एकटा माणूस नेहमी बरोबर असतो असे नाही. परंतु त्याला निर्भयपणे चुकण्याचीही मुभा नसेल, तर उरलेल्यांचे एकमत हे एकमत राहत नाही. ती केवळ भीती असते. पाचामुखी परमेश्वर असेल, तर तो पाचव्याच्या मुखीही असू शकतो, एवढे तरी आपण मानावयास हवे.