बालाघाटावरील वृक्षसेवक

नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातुराकडे निघालें म्हणजे गोदाकांठची खोल काळी जमीन हळूहळू मागें पडते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंच, तर बालाघाटाच्या पठारावर वसलेलें लातूर सुमारें ६३० मीटर. हा चढ प्रवाशाच्या ध्यानींही येत नाहीं. झाडाच्या मुळांना मात्र तो तत्काळ कळतो. खालीं अर्धापुराकडे केळींच्या बागा उभ्या आहेत. वर माळावर थोड्याशा मातीखालीं मुरूम आणि मुरमाखालीं काळा पाषाण. पाऊस चार महिन्यांचा, आणि तोही लहरी. अशा ठिकाणीं झाड लावणें हें एका सकाळचें काम. तें जगविणें हें निदान तीन उन्हाळ्यांचें.

पूर्वजांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव पाहिला म्हणजे या उंच मुलखांत पाणी अडविल्यावांचून कांहींच उभें राहत नाहीं, हें जाणणारे लोक येथें होते याची खूण पटते. निलंगा तालुक्यांतील पानचिंचोली या गांवच्या चिंचेला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. चिंच म्हणजे आजोबानें लावावी आणि नातवानें झोडपावी अशा जातीचें झाड. सरकारी शिक्का आज बसला. पाणी घालणारे हात केव्हांच काळाआड गेले.

१९७२ हें साल येथें दुष्काळाचें म्हणून स्मरणांत राहिलें आहे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १८ मे रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. आणि त्याच वर्षीं सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत, एक निराळीच कल्पना पुढें आली. तेथील विद्यापीठाच्या विस्तार-अधिकाऱ्यांकडे घरोघरच्या बागवानांचे इतके प्रश्न येऊं लागले कीं त्यांना उत्तरें देणें पुरेनासें झालें. तेव्हां त्यांनीं ठरविलें, हौशी नागरिकांस शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावें आणि मोबदल्यांत त्यांच्याकडून पैसा न घेतां कांहीं तासांची सेवा घ्यावी. या सेवकांस ‘मास्टर गार्डनर’ म्हणूं लागले. पुढें कोलोरॅडोसारख्या उंच डोंगरी राज्यांतही ही पद्धत रुजली. तेथें झाडाच्या वाढीचा काळ हिमामुळें आखडतो. बालाघाटावर तो पाण्याअभावीं आखडतो. दोन्हीकडे परक्या मुलखाचें बागकामाचें पुस्तक निरुपयोगी ठरतें, आणि त्या त्या मातीशीं झगडलेला शेजारी अधिक उपयोगी पडतो.

भारतानें निराळी वाट धरली. १९७४ सालीं पुदुचेरीस पहिलें कृषि विज्ञान केंद्र निघालें. नांदेड जिल्ह्यांत पुढें सगरोळी येथें असें केंद्र झालें. परंतु ही व्यवस्था शेतकऱ्यासाठीं होती. शहराच्या रस्त्यावरील झाड कोणाचें, या प्रश्नास तींत उत्तर नव्हतें.

मध्यंतरीं महाराष्ट्रानें एक शहाणपणाचा निर्णय केला, आणि त्याची आठवण अलीकडे फारशी होत नाहीं. १९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवडीची सांगड घालण्यांत आली. अनुदान एकदम न देतां तें तीन वर्षांवर वांटलें, आणि पुढील हप्ते झाडें जिवंत राहण्यावर अवलंबून ठेवले. खड्डे किती खणले हें न विचारतां झाडें किती जगलीं हें विचारणारा हिशेब तो हाच. सार्वजनिक वृक्षारोपणास असा हिशेब क्वचितच लागू झाला. समारंभाच्या छायाचित्रांत कुदळ दिसते, पाहुणे दिसतात. चैत्रांतली पाण्याची घागर सहसा दिसत नाहीं. लातूर जिल्ह्यांत जंगलाचें प्रमाण एक टक्काही नाहीं, याचें एक कारण या घागरींत शोधावें लागेल.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहींत. मांजरा धरण कोरडें पडलें; पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदी पुकारावी लागली; आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून दहा वाघिणींची गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन शहरांत आली. त्याच काळांत नागरिकांनीं वर्गणी काढून मांजरा नदीचें सुमारें १८ किलोमीटर पात्र खोल व रुंद करण्याचें काम हातीं घेतलें. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं राज्यभर दोन कोटी झाडें लावण्याचा सरकारी संकल्प होता. जेथें माणसालाच पाणी आगगाडीनें येतें, तेथें रोपास तें कोणीं द्यावें? हा प्रश्न निष्ठुर होता, पण खोटा नव्हता.

त्याचें एक उत्तर २०१९ पासून लातुरांत मिळूं लागलें. ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नांवानें डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी अशी मंडळी एकत्र आली आणि रोज कांहीं वेळ झाडांच्या कामीं देऊं लागली. रस्त्यांच्या कडेस आणि दुभाजकांत खड्डे घेणें, रोपें लावणें, आळीं करणें, तण काढणें, टँकरनें पाणी देणें, असें हें काम. त्यांत खंड नाहीं, हा त्याचा विशेष. कामाचे १००० दिवस उलटले तरी कामाची वेळ चुकली नाहीं. अमेरिकेंत विद्यापीठानें आधीं शिकविलें आणि मग सेवा मागितली. येथें सेवा आधीं सुरू झाली आणि शिक्षण दगडानें दिलें. मुरमांत उथळ खड्डा घेतला तर मूळ वर्षाच्या आंत अडखळतें, आणि पालापाचोळ्याचें आच्छादन केलें तर तेंच पाणी अधिक दिवस पुरतें. असें ज्ञान कुदळ धरल्यावांचून पक्कें होत नाहीं.

२०१६ च्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलें आणि टंचाई ओसरली. पण बालाघाटाची उंची आणि पाषाण आहे तेथेंच आहे, आणि पुढला चैत्र टळत नाहीं. दुभाजकांतल्या रोपट्यांची पाण्याची पाळी ठरलेली असते. ती पाऊस कसा झाला हें विचारीत नाहीं.