ज्याने निरोप दिला, त्यानेच चित्र काढलं

डॅन्यूबवरच्या रिव्हर क्रूझची एक मजा असते. बोट थेट गावाच्या काठाला लागते. उतरायचं आणि चालायला लागायचं. बव्हेरियातल्या रेगेन्सबुर्गला आमच्या हातात जेमतेम तीन तास होते.

आधी दगडी पूल. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला, आणि अजून ठणठणीत. पूल झाल्यावर वर्षभरातच दुसऱ्या क्रुसेडची जर्मन फौज याच गावातून निघाली. पुलाशेजारी सॉसेजचं जुनं दुकान आहे, आमचा अर्धा ग्रुप तिथेच अडकला. मी मात्र नॉयफार प्लाट्झ नावाच्या चौकाकडे वळलो, चालत दहा मिनिटंसुद्धा नाही.

चौकात एक चर्च आहे आणि बाजूला जमिनीवर पांढऱ्या काँक्रीटचा मोठा आराखडा. बसता येईल एवढ्याच उंचीच्या भिंती, आत खांबांच्या जागा. पोरं उड्या मारत होती, कॉलेजची मुलं आइस्क्रीम खात बसली होती. हे २००५ साली दानी कारावान या इस्रायली कलाकाराने केलेलं स्मारक. बरोबर याच जागी ज्यूंचं सिनेगॉग होतं.

ते पडलं कसं, ते ऐका. इथले ज्यू सम्राटाला कर देत, बदल्यात सम्राट त्यांना संरक्षण देई. गावाचा व्यापार बसला होता, डोक्यावर कर्ज होतं आणि कॅथीड्रलमधला धर्मोपदेशक बाल्थाझार हुबमायर ज्यूंविरुद्ध आग ओकत होता. सम्राट होता तोवर हात लावता येत नव्हता. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला. नवा निवडला गेला जूनमध्ये. नगरपरिषदेने मधला फेब्रुवारी साधला! सिनेगॉग रिकामं करायला दोन तास आणि गाव सोडायला पाच दिवस. सुमारे पाचशे माणसं, ऐन थंडीत.

हा निरोप घेऊन गेलेल्यांत आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर होता. चित्रकलेच्या इतिहासातलं मोठं नाव, युरोपात निव्वळ निसर्गचित्रं काढणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. आणि नगरपरिषदेचा सदस्य. पाडापाडीच्या आधी त्याने सिनेगॉगचा आतला भाग आणि दालन रेखाटून घेतलं, त्याची छापचित्रं काढली. खाली लॅटिनमध्ये कोरलं की हे देवाच्या न्यायानेच जमीनदोस्त झालं. आज ती वास्तू कशी दिसायची हे आपल्याला त्याच चित्रांमुळे कळतं. मला हे अजून पचलेलं नाही. प्रत्येक कमान किती जीव लावून काढलीय त्याने!

पाडताना एक गवंडी पडून जखमी झाला आणि वाचला. झालं, चमत्कार! लगेच मेरीचं देऊळ उभं राहिलं, हजारो यात्रेकरू लोटले. १५४२ मध्ये गाव प्रोटेस्टंट झालं आणि तेच चर्च त्या पंथाकडे गेलं. हुबमायरनेही पुढे वेगळा पंथ धरला, म्हणून त्याला १५२८ साली जिवंत जाळलं. कुठे? व्हिएन्नात, याच नदीच्या खालच्या अंगाला, जिथे बहुतेक क्रूझ थांबतात.

परतताना घरांच्या भिंती नीट बघा. ज्यूंचं कब्रस्तानही तेव्हाच उखडलं होतं आणि तिथले दगड लोकांनी बांधकामाला नेले. काही अजून भिंतींत आहेत, हिब्रू अक्षरांसकट.