प्रतिमासंमीलन, अवरक्त व दृश्य
एकाच दृश्याच्या दोन प्रतिमांतील उपयुक्त माहिती एका चित्रात आणण्याचे तंत्र. साधा कॅमेरा सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा परावर्तित प्रकाश टिपतो. औष्णिक कॅमेरा बहुधा ८ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यातील, वस्तूंनी स्वतः उत्सर्जित केलेले प्रारण. अंधारातला माणूस औष्णिक प्रतिमेत ठळक दिसतो, पण पाटीवरची अक्षरे दृश्य प्रतिमेतच वाचता येतात. नुसती सरासरी काढली तर दोन्हींचा उठाव मावळतो. म्हणून बर्ट व एडेलसन यांच्या लाप्लास पिरॅमिडसारख्या (१९८३) पद्धतींत प्रतिमा ढोबळ-सूक्ष्म तपशिलांच्या थरांत विभागून प्रत्येक थरातील प्रभावी अंश निवडतात. अलीकडे ही निवड चेताजालांकडे सोपवली जाते. खरी कसोटी मात्र त्याआधीची: दोन्ही प्रतिमा बिंदूगणिक जुळवणे. भिंगे वेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तू सरकलेल्या दिसतात आणि संमीलित चित्रात दुहेरी कडा उमटतात.