माळेपासून बैठकीपर्यंत

आमच्या भागात दारू सोडण्याची जुनी वाट माळेची. भगवानगडाचे भगवानबाबा आणि गहिनीनाथगडाचे वामनभाऊ यांनी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात गावोगाव कीर्तनं केली, नारळी सप्ते बसवले आणि माणसांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ पडली की दारू-मटण सुटलं, एकादशी लागली. माझे वडील त्यातलेच. १९६५ साली भगवानबाबा गेले तेव्हा मी लहान होतो. पण वडिलांच्या गळ्यातली माळ मी शेवटपर्यंत पाहिली. त्या माळेनं आमचं घर एक पिढी सावरलं.

दुसऱ्या पिढीत मात्र ती पुरली नाही. माझ्या धाकट्या भावानं तीनदा माळ घातली आणि तीनदा खुंटीला टांगली. माळ म्हणजे चारचौघांत घेतलेली शपथ. ती मोडली की माणूस तोंड लपवतो. तिसऱ्या वेळी सप्त्याच्या पंगतीत तो वाढायला उठला, तर कुणीतरी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. कोणी काही बोललं नाही. त्या रात्री तो रोजच्यापेक्षा जास्त पिऊन आला.

भाऊ ऊसतोडीला जायचा. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या रानात, कोपीत राहायचं. पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहून अंग मोडतं, आणि अंगदुखीचं औषध म्हणून माणूस गुत्त्यावर जातो. भाऊही तसाच गेला. मग खाडे पडायचे आणि उचल फिटायची नाही. पट्टा पडला की मुकादम माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मी कापसाचे पैसे मोजून द्यायचो. एका साली बैल विकला. मला वाटायचं, घराची अब्रू राखली.

मध्यंतरी बायांनी दुसरी वाट काढली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं, असा आपल्या राज्यात नियम आहे. ज्या गावांत बायांनी हे केलं, तिथं निदान डोळ्यापुढचं दुकान हललं. पण भावाची तहान पुढच्या गावापर्यंत पायी चालत जायची.

शेवटी तो पिवळा पडून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पडला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला एक जण यायचा. तो म्हणाला, "मीबी बेवडाच हाय. रविवारी आमची बैठक असती. या."

ही बैठकीची रीत मुळात अमेरिकेची. १९३५ साली अॅक्रन या शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही दारूनं बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. बेवड्याचं बेवड्यालाच कळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभं राहिलं. फी नाही, पूर्ण नाव सांगायचं नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही. जन्मभराची शपथ नाही, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. नवरे आत बसत आणि बायका बाहेर थांबत. त्या बायकांच्या ध्यानात आलं की आजार आपल्यालाही जडलाय. १९५१ साली त्यांनी घरच्यांसाठी अल-अॅनॉन सुरू केलं. आपल्याकडं पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण काढलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला मोठी मदत केली. तिथंही रुग्णाच्या बायकोला उपचारात जागा दिली गेली.

आमची बैठक भरायची एका शाळेच्या खोलीत. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. मी भावाला घेऊन गेलो, मागं त्याची बायको. ती माझ्यापुढं कधी बोललेली नव्हती. जेठ दिसला की पदर पुढं ओढायची. तिची पाळी आली तेव्हा ती भिंतीकडं बघत म्हणाली, "दर सालाला दादांनी ह्यांची उचल फेडली. मला वाटायचं, एक साल फेडू नये. मुकादमानं ह्यांलाच दारात धरावं, तव्हा तरी कळंल. पर म्या कसं सांगावं?"

माझे कान तापले. बैल विकलेला मी! पण तिथं कुणी कुणाला उलट बोलत नाही, उपदेशही करत नाही. पुढचा माणूस उठला. ट्रकवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "माझी उधारी बाप फेडायचा. बाप गेला, तव्हा मला कळलं, मी काय पीत होतो."

पुढच्या साली मुकादम ओट्यावर आला. मी म्हणालो, "ज्यानं घेतली त्याला माग." हात थरथरत होते. भाऊ आत होता, त्यानं ऐकलं. बाहेर येऊन तो मुकादमासमोर बसला आणि दोघांनी हिशेब केला. तो हिशेब फिटायला दोन साल लागले.

त्यानंतरही भाऊ एकदा घसरला. मला वाटलं, संपलं, आता परत त्या खोलीत जायचं तोंड राहिलं नाही. पण रविवारी तो स्वतःहून निघाला. मी सोबत गेलो. त्यानं उभं राहून सांगितलं, "मंगळवारी प्यालो. आज नाही प्यालो." कुणी मान फिरवली नाही. बैठक झाल्यावर चहा आला, तेव्हा एकानं किटली भावाच्याच हातात दिली. त्यानं सगळ्यांना चहा वाढला.